‘तपासलं, दोष नाही’: एका एल्क रायफलच्या स्कोपचं वॉरंटी-प्रकरण

कोलोरॅडोत एल्कच्या शिकारीचा (मोठ्या हरणाच्या) पहिला रायफल हंगाम ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतो. परवान्यासाठीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीलाच भरावा लागतो. त्यामुळे जुलैत रेंजवर रायफल नीट मारत नाही असं लक्षात आलं, की हाताशी अडीच-तीन महिने उरतात. हे प्रकरण तिथूनच सुरू होतं. मालकाचं किंवा कंपनीचं नाव इथे लागत नाही. मधल्या किमतीच्या कुठल्याही स्कोपच्या, म्हणजे रायफलवरच्या नेमाच्या दुर्बिणीच्या, बाबतीत हे घडू शकतं.

रायफल .३०० विनचेस्टर मॅग्नम, बोल्ट ॲक्शन, स्कोपसह वजन सुमारे साडेआठ पाउंड, गोळी १८० ग्रेनची. या जोडीचा मागे बसणारा धक्का २५ फूट-पाउंडांच्या आसपास असतो. वर ४-१६x४४ स्कोप (४ ते १६ पट, पुढचं भिंग ४४ मिलिमीटरचं), ३० मिलिमीटरची नळी, वजन २२ औंस; नेम वर-खाली आणि आडवा हलवणाऱ्या दोन गोल खुंट्या (टरेट), त्यांच्या एका क्लिकला पाव एमओए. एक एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच, म्हणजे चार क्लिकला इंचाहून किंचित जास्त. चार हंगाम याच जोडीने १०० यार्डांवर पाच गोळ्या सव्वा इंचात टाकल्या होत्या. जुलैत तोच पुंजका साडेतीन इंचांचा झाला. तो गोल पसरलेला नव्हता, मधल्या बिंदूपासून खाली डावीकडे तिरका ओघळलेला होता. मालकाने टरेट आठ क्लिक वर आणि आठ क्लिक उजवीकडे फिरवला. पुढची गोळी होती तिथेच लागली. त्यानंतरची एकदम दोन इंच वर-उजवीकडे उडी मारून गेली.

तिरका पुंजका आणि उशिराने उमटणारी क्लिक ही दोन लक्षणं एकत्र दिसली की जाणत्या माणसाचा संशय थेट स्कोपच्या पोटातल्या स्प्रिंगवर जातो. तरीही स्कोप लगेच उतरवून पार्सल करणं चूक ठरतं. ‘स्कोप बिघडला’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ माउंटच्या (स्कोप रायफलवर धरणाऱ्या बेस आणि रिंगांच्या) स्क्रूत सापडतं, आणि कंपनीची दुरुस्ती-शाखाही आधी तसंच गृहीत धरते.

खालून वर तपासणी

सुरुवात स्टॉकपासून (दस्त्यापासून) केली. ॲक्शन (बंदुकीची यंत्रणा) स्टॉकला धरणारे स्क्रू आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क-पान्याने पाहिले. ॲल्युमिनियमचा आधार असलेल्या या स्टॉकला ६५ इंच-पाउंड लागतात आणि तेवढेच होते. (साध्या लाकडी स्टॉकला एवढा जोर दिला तर लाकूड चेपतं आणि नवंच दुखणं सुरू होतं.) बंदुकीची नळी (बॅरल) तापण्याचा प्रश्न राहू नये म्हणून दर तीन गोळ्यांनंतर पंधरा मिनिटं थांबून, बोल्ट उघडा ठेवून मारलं. काडतुसं एकाच लॉटची घेतली. नेम धरणारा माणूसही बदलून पाहिला. पुंजका तसाच तिरका.

मग बेस पाहिले. दोन तुकड्यांचा बेस होता, स्क्रू ६-४८ मापाचे. टॉर्क-पान्यावर २० इंच-पाउंडांना सगळे स्क्रू ‘घट्ट’ लागत होते, पण पुढचा बेस हाताने दाबला की केसभर सरकत होता. याचं कारण ठरलेलं आहे. अनेक ॲक्शनवर सगळ्यात पुढचं भोक बॅरलच्या आट्यांवर उघडतं. तिथला स्क्रू अर्धा आटा जरी लांब असला तरी टोक बॅरलवर टेकतं, पान्याला जोर लागतो आणि बेस मात्र दाबला जात नाही. तपासायचं असेल तर बेस एकेका स्क्रूवर बसवून हलवून बघायचा. ज्या स्क्रूवर तो खिळत नाही तो लांब. हा स्क्रू कानशीने घासून आखूड केला, भोकं ॲसिटोनने तेलमुक्त केली, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) लावून पुन्हा २० इंच-पाउंडांना आवळला. इंच-पाउंडांचा पाना नसेल तर २० म्हणजे साधारण सव्वादोन न्यूटन-मीटर.

पुंजका दोन इंचांवर आला. प्रकरण इथेच मिटलं असं मालकाला वाटलं आणि तसं वाटणं साहजिक होतं, कारण सैल बेस समोर दिसला होता. पण आधीचा सव्वा इंच परत आला नव्हता, आणि उरलेला पसाराही त्याच तिरक्या दिशेत होता. सैल बेसमुळे तिरका पसारा इतक्या नेमाने पडत नाही; तो बहुधा वर-खाली किंवा कसाही विखुरतो.

शेवटची खात्री अदलाबदलीने. त्याच बेसवर दुसऱ्या रायफलवरचा भरवशाचा, स्थिर सहा पटीचा स्कोप चढवला. दहा गोळ्या १.४ इंचात. इथे दहा गोळ्यांचाच आग्रह धरावा. तीन गोळ्यांच्या पुंजक्यावर कुठलाही निष्कर्ष काढता येत नाही, मग तो स्कोपच्या बाजूने असो वा विरुद्ध.

स्कोपच्या नळीच्या आत काय बिघडलं होतं

बाहेरच्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते. तिला इरेक्टर ट्यूब म्हणतात. मागच्या टोकाला ती सांध्यावर झुलते आणि पुढचं टोक मोकळं असतं. वरून उंचीच्या टरेटचा स्क्रू आणि उजवीकडून बाजूच्या टरेटचा स्क्रू या टोकावर टेकतात. समोरून, म्हणजे बहुतेक रचनांमध्ये खाली-डावीकडून, पात्याची स्प्रिंग त्याला स्क्रूंवर दाबून धरते.

यातली जी गोष्ट फार लोक लक्षात घेत नाहीत ती अशी: गोळी खाली किंवा डावीकडे न्यायची असते तेव्हा स्क्रू नळीला ढकलतो, आणि वर किंवा उजवीकडे न्यायची असते तेव्हा स्क्रू फक्त मागे सरतो, ढकलण्याचं काम एकटी स्प्रिंग करते. स्प्रिंग दमली असेल तर स्क्रू मागे सरूनही नळी जागची हलत नाही. दोघांत बारीक फट राहते. पुढच्या गोळीच्या धक्क्याने नळी सुटते आणि टेकते, म्हणून क्लिक उशिरा उमटते. झिरो (गोळी नेमाच्या जागीच लागेल अशी टरेटची जागा) धरलेला असतानाही धक्क्यागणिक नळी स्प्रिंगच्या बाजूला थोडी बसते, आणि गोळ्या खाली-डावीकडे ओघळतात. जुने शिकारी टरेट ठरलेल्या जागेपेक्षा चार-सहा क्लिक पुढे नेऊन परत आणतात आणि वर नाण्याने टकटक करतात, ती सवय याच दोषावरचा उतारा आहे. चांगल्या स्कोपला तिची गरज पडू नये.

आता बेसचा संबंध. या रायफलवर झिरोला टरेट मधल्या बिंदूपासून १८ एमओए वर आणि ९ एमओए उजवीकडे गेलेला होता. एकूण प्रवास ६० एमओए, म्हणजे दोन्ही बाजूंना ३० आणि ३०. पुढचा बेस सरकलेला असल्यामुळे उजवीकडे जास्त जावं लागत होतं: दोन बेसमधल्या पाच इंचांच्या अंतरात पाच हजारांश इंचाचा फरक पडला तरी नेम जवळजवळ साडेतीन एमओए हलतो. बेस जागेवर आल्यावर उजवीकडचा आकडा सहावर उतरला, स्प्रिंग थोडी जास्त दाबली गेली आणि दोष अर्धा झाकला गेला. पुंजका साडेतीनवरून दोनवर येण्यात हाही वाटा होता.

पहिली फेरी

ऑगस्टच्या सुरुवातीला स्कोप कंपनीकडे गेला. अर्जातल्या दोषाच्या रकान्यात एकच ओळ होती: ‘झिरो टिकत नाही.’ साडेतीन आठवड्यांनी तो परत आला. सोबतच्या चिठ्ठीचा मथितार्थ असा की तपासलं, मापात आहे, भिंगं पुसली.

कंपनीने कामचुकारपणा केला असं यावरून ठरत नाही. आलेला स्कोप आधी कॉलिमेटरसमोर (नेमाची स्थिर खूण दाखवणाऱ्या उपकरणासमोर) बसतो. टरेट दोन्ही टोकांपर्यंत फिरवून मध्यावर आणले जातात, रेटिकल (स्कोपमधली नेमाची फुली) परत मूळ जागी येतं का ते पाहिलं जातं, गळती तपासली जाते. धक्का देणारं यंत्र असलं तरी प्रत्येक परत आलेला नग त्यावर चढतोच असं नाही. शिवाय टरेट मध्यावर आणले की स्प्रिंग पुरेशी दाबलेली असते. जिथे ती कमजोर पडते ती जागा वर-उजवीकडची, आणि ती जागा पाठवणाऱ्याने कळवलीच नव्हती. डॉक्टरला नुसतं ‘बरं वाटत नाही’ सांगावं, तशी ती ओळ होती.

दोष टेबलावर दाखवता येईल असा करणं

दुसऱ्या फेरीआधी दोन चाचण्या झाल्या. आमच्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

पहिली चाचणी दुसऱ्या रायफलवर. निकोप .३०८ होती, तिच्यावर २० एमओए उताराची रेल (बेसऐवजी स्कोप बसवण्याची सलग पट्टी). संशयित स्कोप त्यावर चढवला आणि तो छान मारू लागला! इथे एखाद्याचा विश्वास डळमळतो. पण उताराच्या रेलवर स्कोपचं तोंड पुढे झुकलेलं असतं, त्यामुळे झिरोला टरेट मध्याच्या १२ एमओए खाली बसला आणि स्प्रिंग चांगली आवळली गेली. मग उंच कागद लावला, तळाशी नेमाची खूण केली आणि टरेट ३० एमओए वर नेला. आता तो पुन्हा मध्यापासून १८ वर, म्हणजे पहिल्या रायफलवर होता तिथेच होता. गोळ्या खुणेच्या ३१.४ इंच वर लागायला हव्या होत्या. पहिली सुमारे तीन इंच खाली, पुढच्या हळूहळू वर सरकत, आणि पाचवी जवळपास जागेवर.

दुसऱ्या चाचणीत गोळी मारावी लागत नाही. रायफल जड ठोकळ्यांत पक्की बसवली, बॅरलच्या तोंडाला चौकटीच्या जाळीचा कॉलिमेटर लावला. टरेट मध्यावर असताना स्कोपच्या टरेटपाशी स्क्रूड्रायव्हरच्या प्लॅस्टिक मुठीने हलके ठोके दिले: रेटिकल हललं नाही. टरेट १८ वर आणि ६ उजवीकडे नेऊन पुन्हा ठोके दिले: रेटिकल जाळीवर दीड एमओए सरकलं. तिथून आठ क्लिक वर फिरवले तर काहीच हललं नाही, एक ठोका दिल्यावर एकदम सगळं सरकलं. हे मोबाइलवर चित्रित केलं.

नुसतं क्लिकचं माप बघायचं असतं तर टेपने मोजलेल्या १०० यार्डांवर ओळंब्याने उभी रेघ मारून, २० एमओए वर गेल्यावर रेटिकल २०.९ इंच सरकतं का ते पाहणं पुरतं. ती चाचणी हा स्कोप आरामात पास झाला होता. क्लिकचं माप बरोबर असणं आणि धक्क्यानंतर झिरो टिकणं हे दोन वेगळे गुण आहेत. दुकानात टरेट फिरवून ‘किती कुरकुरीत क्लिक’ म्हणणाऱ्यांना यातला एकही कळलेला नसतो.

दुसरं पत्र असं गेलं:

‘उंचीचा टरेट यांत्रिक मध्यापासून १२ एमओएहून अधिक वर असताना वर आणि उजवीकडे दिलेली क्लिक धक्का बसेपर्यंत उमटत नाही. खाली आणि डावीकडे लगेच उमटते. मध्यावर दोष दिसत नाही. +१८/उजवे ६ या स्थितीत स्क्रूड्रायव्हरच्या मुठीचा ठोका दिल्यास रेटिकल १.५ एमओए सरकतं. दोन रायफलींवर तपासलं. त्याच बेसवर दुसरा स्कोप १० गोळ्या १.४ इंचात मारतो. बेस २०, रिंग १६ इंच-पाउंड. कृपया याच स्थितीत तपासावं. चित्रफीत आणि कागदांचे फोटो जोडले आहेत. आधीच्या तपासणीचा क्रमांक अमुक.’

पार्सल करताना पाळायच्या गोष्टी किरकोळ वाटतात, पण त्यावरून भांडणं होतात. रिंगा, झाकणं, सनशेड काढून ठेवावीत, ती परत येतीलच असं नाही. प्रकाशित रेटिकलची सीआर२०३२ बॅटरी काढावी. नळीखालचा अनुक्रमांक आणि रिंगेच्या खुणांसह चारही बाजूंचे फोटो घ्यावेत. परतीचा क्रमांक खोक्याच्या बाहेर आणि आत दोन्हीकडे लिहावा. पूर्ण किमतीचा विमा उतरवून सहीने पोच घ्यावी. स्कोप हे शस्त्र नाही, त्यामुळे अमेरिकेत तो साध्या पार्सलने जातो. रायफलसकट पाठवायचा विचारही करू नये. आणि कुठल्याही कारणाने टरेटखालचे सील किंवा भिंगाची रिंग उघडू नये. आतला कोरडा नायट्रोजन किंवा आर्गन गेला की धुकं धरणारच, वर वॉरंटीही वादात सापडते.

कागदावरची वॉरंटी

अमेरिकेत १९७५ सालच्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने लेखी वॉरंटी ‘पूर्ण’ की ‘मर्यादित’ हे लिहावं लागतं. स्कोपच्या खोक्यावरचं ‘आजीवन’ वाचण्याआधी हा शब्द शोधावा. पुढचे प्रश्न असे: पावती लागते का, दुसऱ्या मालकाला चालते का, इलेक्ट्रॉनिक भागाला वेगळी मुदत आहे का, येण्याजाण्याचं टपाल कोणाकडे. व्होर्टेक्सची हमी पावतीशिवाय आणि मालक बदलला तरी चालते. हरवणं, चोरी, मुद्दाम केलेली मोडतोड आणि निव्वळ ओरखडे तेवढे वगळलेले आहेत. ल्यूपोल्डही यांत्रिक आणि प्रकाशीय भागांना पावती विचारत नाही, पण इलेक्ट्रॉनिक्सला मुदत घालते. सेकंड-हँड स्कोप घेताना हा फरक थेट किमतीत मोजावा.

वॉरंटीत काय येत नाही तेही पाहू. .३०० विन मॅगचा वीस काडतुसांचा डबा साधारण ५० डॉलरना पडतो. या शोधात असे कित्येक डबे संपले, ते कोणी भरून देत नाही. हंगामही भरून मिळत नाही. उदार वॉरंटी म्हणजे टिकाऊ स्कोप हा समज म्हणूनच आम्हाला घातक वाटतो. कंपनी बदलून देण्याचा खर्च किमतीत धरून नग विकू शकते, आणि तो व्यवहार प्रामाणिकही असतो. फक्त तो पैशांचा व्यवहार आहे.

मराठी वाचकाला हा प्रश्न बहुधा वेगळ्या वाटेने भेटतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकार बंद आहे, आणि ऑलिंपिक पद्धतीच्या रायफल नेमबाजीत दुर्बिणीचा स्कोप चालत नाही. इथे स्कोप चढतो तो मुख्यतः छऱ्याच्या बंदुकीवर. स्प्रिंग-पिस्टनची एअरगन आधी मागे आणि लगेच पुढे धक्का देते. बंदुकीच्या स्कोपची आतली बांधणी मागच्या धक्क्यासाठी केलेली असते, तो पुढचा झटका तिला सोसत नाही. म्हणून महागडा शिकारी स्कोपही स्वस्त एअरगनवर महिन्याभरात दगा देऊ शकतो. घेताना ‘एअरगनसाठी योग्य’ हे लेखी पाहावं. परदेशातून नातेवाइकाकरवी आणलेल्या स्कोपची आजीवन हमीही तपासून घ्यावी: अमेरिकेच्या निर्यात-नियंत्रण यादीत बंदुकीचे स्कोप येतात, त्यामुळे दुरुस्त केलेला नग परत भारतात यायला कागदपत्रं आड येऊ शकतात.

बदली नग आणि पुढचं काम

दुसरी फेरी पाच आठवडे चालली. या वेळी दोष मान्य झाला. जुनं मॉडेल बंद झालेलं असल्याने त्याच्या जागचं नवं मॉडेल आलं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा उजाडला होता. मालकाने ते खोक्यातच ठेवलं आणि सहा पटीचा स्कोप घेऊनच डोंगर गाठला. हा निर्णय योग्य होता. २०० यार्डांच्या झिरोवर ४०० यार्डांसाठी सुमारे ५ एमओए वर जावं लागतं. न तपासलेल्या टरेटवर तो भरवसा ठेवून जिवंत जनावरावर गोळी टाकू नये. सहा पटीच्या स्कोपने अंतराची मर्यादा ३०० यार्डांवर आणली, एवढंच.

नवं मॉडेल नोव्हेंबरमध्ये चढलं. त्याची रिंगा बसवण्याची जागा अर्धा इंच आखूड होती आणि मागच्या भिंगापासून डोळ्याचं अंतर ३.९ ऐवजी ३.६ इंच. मॅग्नमवर हा फरक भुवईला कळतो! म्हणून शिकारीचं जाड जाकीट घालून, १६ पटीवर, झोपून आणि बसून अशा दोन्ही स्थितींत अंतर लावलं. कमी पटीवर लावलेलं अंतर जास्त पटीवर चुकतं. दोन तुकड्यांच्या बेसऐवजी २० एमओएची एकसंध पोलादी रेल घेतली. रिंगेचे स्क्रू कोरडे ठेवले, थ्रेडलॉकर लावलं नाही, कारण ओल्या आट्यांवर तोच टॉर्क जास्त आवळतो आणि नळी चेपते. चारही स्क्रू आडव्या-तिडव्या क्रमाने १६ इंच-पाउंडांना, दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवून. रेटिकल ओळंब्यावर सरळ केलं. शेवटी प्रत्येक स्क्रूवर आणि रिंग-नळीच्या सांध्यावर पांढऱ्या पेंटपेनची बारीक रेघ ओढली. घसरलं तर ती तुटलेली दिसते.

झिरो आता मध्यापासून फक्त २ एमओए खाली बसला, उजवीकडे दीड. दहा गोळ्या सव्वा इंचात. मग चौकोनाची चाचणी: दर कोपऱ्याला ३२ क्लिक, दोन-दोन गोळ्या, फिरून मूळ जागी, शेवटची जोडी पहिल्या जोडीच्या अर्ध्या इंचात पडली. त्यानंतर रायफल मऊ पेटीत घालून पिकअपच्या मागे टाकली, खडबडीत रस्त्यावर फिरवली आणि थंड बॅरलने तीन गोळ्या मारल्या. झिरो जागचा हलला नव्हता. वर-उजवीकडच्या टोकाची ठोक्याची चाचणीही कॉलिमेटरवर करून घेतली, कारण बदली आलेला नगही शेवटी त्याच प्रकारच्या स्प्रिंगवर चालतो. नवा अनुक्रमांक विम्याच्या कागदांत चढवला, आणि जुन्या स्कोपच्या दोन्ही तपासण्यांच्या चिठ्ठ्या नव्याच्या खोक्यात ठेवून दिल्या.